जिना नसलेला नकाशा

वसाहतीचा नकाशा ऑनलाइन करायचा हुकूम आला आणि पहिल्याच दिवशी ऑफिसर्स क्लब नाल्यात पडला. म्हणजे माझ्या स्क्रीनवर. उपग्रहाच्या फोटोवर आमच्या जुन्या कागदी नकाशाच्या रेघा बसवताना सगळी वसाहत चाळीस फूट पूर्वेला सरकली, शाळा रस्त्यावर आली आणि दवाखाना फुटबॉलच्या मैदानात. मी पाण्याच्या टाकीवर खूण धरून सगळं पुन्हा जागेवर ओढून आणलं. त्याला तीन दिवस लागले. साहेबांना मी दोन आठवडे सांगितले होते, कारण तीन दिवसांत झालेल्या कामाला आमच्याकडे कोणी काम म्हणत नाही.

मी अच्युत करंदीकर. भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत, नगर प्रशासन विभागात, संगणकाचं बघतो. आमचा सर्व्हर एका टेबलाखाली ठेवलेला आहे. त्या खोलीत एसी असल्यामुळे उन्हाळ्यातल्या सगळ्या बैठका तिथेच होतात, आणि दर विश्वकर्मा जयंतीला सर्व्हरवर जे कुंकू पडतं ते मी पुढचा महिनाभर रंगाच्या ब्रशने त्याच्या पंख्यातून काढत असतो. इंजिनिअर झालो त्याचं चीज झालं, दुसरं काय.

हुकूम साधा होता. नकाशातल्या कुठल्याही क्वार्टरवर क्लिक केलं की तिथे कोण राहतं ते दिसलं पाहिजे. अडचण एवढीच, की आमच्या वसाहतीत जो जिथे राहतो असं रेकॉर्ड म्हणतं, तिथे तो राहत असेलच असं नाही.

आमच्याकडे 'आपसी' नावाचा प्रकार आहे. तुम्हाला मिळालेलं क्वार्टर तुम्हाला नको असतं, माझं मला नको असतं. रीतसर अर्ज केला तर चार वर्षांनी उत्तर येतं, आणि तेही नकाराचं. मग आपण दोघं मिळून एक रविवार ठरवतो, एक टेम्पो सांगतो, तुमचं सामान माझ्याकडे, माझं तुमच्याकडे. दुपारी दोन्ही घरची माणसं एकत्र बसून पोहे खातात आणि विषय संपतो. कागदावर तुम्ही तुमच्या घरात, मी माझ्या. पोस्टमनला माहीत असतं, दूधवाल्याला माहीत असतं, आणि ज्या बाबूकडे क्वार्टरांचं रजिस्टर आहे तो तर स्वतःच आपसीत राहतो.

आम्हीही आपसीतलेच. एका ब्लॉकमध्ये चार क्वार्टरं असतात, खाली ए आणि बी, वर सी आणि डी. आम्ही कागदावर चौदा-सी, म्हणजे वरचे. आमच्या बरोबर खालचं चौदा-ए शांताराम वानखेडे यांचं. एक्क्याण्णव साली त्यांच्या न्हाणीघरात धामण निघाली आणि सिंधूवहिनींनी शांतारामरावांना सांगितलं, एक तर घर बदला नाही तर मला नागपूरचं तिकीट काढून द्या. आईला खालच्या घराची हौस होतीच. तेव्हा टेम्पोसुद्धा लागला नाही, जिन्यावरूनच सामान खालीवर झालं. पुढे बाबा रिटायर झाले, क्वार्टर माझ्या नावावर झालं, मग बाबा गेले. पण चौदा-एमधून आम्ही हललो नाही.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. वसाहतीच्या शाळेत तिने तीस वर्षं गणित शिकवलं. दोन्ही गुडघे पार गेलेले. काठी धरून ती खोलीतून दारापुढच्या ओट्यापर्यंत येते, तेवढीच तिची मजल. पण एकदा त्या ओट्यावर बसली की सगळी वसाहत तिची. भाजीवाला तिथे थांबतो, महाराष्ट्र मंडळाच्या बायका तिथे टेकतात, शाळेतून येणारी पोरं वाटेत उदाहरणं सोडवून घेतात. वरच्या घरात तिला मिळाल्या असत्या चार भिंती आणि एक खिडकी. मध्ये सतरा पायऱ्या. त्यामुळे या नकाशाच्या कामात मला स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे आईचा ओटा सुटता कामा नये.

"सगळ्या वसाहतीचे पत्ते दाखवणारा तूच," माझी बायको कल्पना म्हणाली, "आणि खोट्या पत्त्यावर राहणाराही तूच. बघ बाबा, कसं जमवतोस."

आमच्या विभागाचे प्रमुख श्याम तिवारी. माणूस दुष्ट नाही, पण स्क्रीनवर एखादी गोष्ट हिरवी दिसली की ती त्यांना खरी वाटते. त्यांनी ठरवलं की आमचे सुपरवायझर दारोदार जाऊन नावं तपासणार. नाव जुळलं तर हिरवा ठिपका, नाही जुळलं तर लाल. लाल ठिपक्याला नोटीस, की पंधरा दिवसांत आपल्या मूळ क्वार्टरमध्ये जा.

बातमी फुटायला एक दुपार पुरली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर डबे येऊ लागले. साबुदाण्याची खिचडी आली, गुजिया आल्या, केरळातल्या एका वेल्डरच्या घरून केळ्याचे काप आले. "करंदीकरजी, हमारा बिंदु ज़रा देख लेना," एवढंच प्रत्येक जण हळू आवाजात म्हणायचा. आयुष्यात मला इतका मान कधी मिळाला नव्हता. मी सगळं खाल्लं आणि कोणालाही काही कबूल केलं नाही.

माझी युक्ती मला सापडली ती त्या उपग्रहाच्या फोटोतच. वरून पाहिलं तर ब्लॉक म्हणजे एक छप्पर. खालचं घर आणि वरचं घर एकाच जागी. उपग्रहाला जिना दिसत नाही. मी तिवारी साहेबांकडे गेलो आणि अतिशय गंभीर चेहरा करून सांगितलं की एका छपरावर चार ठिपके एकमेकांवर चढतात, कशावर क्लिक झालं ते कळत नाही, आणि शिवाय सर्व्हरवर लोड येतो.

"कितना लोड?" साहेबांनी विचारलं.

"चौपट, सर."

साहेबांनी वाकून टेबलाखालच्या सर्व्हरकडे पाहिलं. आजारी माणसाकडे पाहावं तसं. मग म्हणाले, "तो ऐसा करो, एक ब्लॉक, एक बिंदु. नाम चारों के लिख दो."

मला हेच हवं होतं. आता सुपरवायझर चौदा नंबरच्या ब्लॉकवर येणार, चार नावं विचारणार, चारही नावं त्याच छपराखाली सापडणार, आणि ठिपका हिरवा. कोण कुठल्या मजल्यावर आहे हे कोणी विचारणारच नव्हतं. तसंच झालं. खालीवर झालेल्या सगळ्या आपसी वाचल्या. मी घरी जाऊन ही हकीकत तिखटमीठ लावून सांगितली आणि आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

मात्र ज्यांनी एका ब्लॉकमधून दुसऱ्या ब्लॉकमध्ये आपसी केली होती, त्यांना छप्पर उपयोगी पडलं नाही. असे निघाले एकसष्ट. त्यांतला एक सुभाष बर्वे.

सुभाष आमच्याच विभागात ड्रॉइंगला. ज्या कागदी नकाशावरून मी हे सगळं उभं केलं, तो त्यानेच कपाटाच्या तळातून शोधून, धूळ झटकून मला दिला होता. बारा वर्षं तो बावीस-ए मध्ये राहत होता, कारण त्याची बायको वंदना समोरच्या शाळेत शिकवते. आईनंतर गणित तिच्याकडे गेलं. कागदावर त्याचं घर होतं वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला, मंडीदीपकडच्या भिंतीपाशी, जिथला स्लॅब वर्षातून सहा महिने गळतो.

नोटीस घेऊन सुभाष माझ्या टेबलापाशी आला. "अच्युत, ठिपका हलवायला किती वेळ लागतो?"

दोन मिनिटं लागतात. मी त्याला ते सांगितलं नाही. सुभाषचा ठिपका हलवला असता तर उरलेले साठ जण रांगेत उभे राहिले असते, कोणी तरी तक्रार केली असती, चौकशी झाली असती, आणि चौकशी एकदा सुरू झाली की ती जिनाही चढते. हे सगळं मी एका क्षणात मनातल्या मनात मांडून पाहिलं. हिशेबाला मी आईवर गेलोय.

"माझ्या हातात नाही रे," मी म्हणालो. "रेकॉर्डच तसं आहे."

"आणि तुझं?"

"माझा ठिपका हिरवा आहे."

सुभाषने नोटीसची घडी करून खिशात घातली. चौदा-ए आणि चौदा-सीची भानगड त्याला चांगली माहीत होती, आमच्या ओट्यावर बसून त्याने शेकडो वेळा चहा घेतला होता.  माझी चुगली करणं त्याला सहज शक्य होतं, आणि त्याने ती केली नाही, याची मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं.

गळक्या घरात जाण्यापेक्षा सुभाषने कोलार रोडला भाड्याने फ्लॅट घेतला. वंदना सकाळी पावणेसहाला निघून दोन बस बदलून शाळेत येऊ लागली. बावीस-ए कागदावर ज्याचं होतं तो नुकताच रिटायर होऊन गावी गेला होता, त्यामुळे त्याला कुलूप लागलं. नकाशावर मी त्याला पांढरा रंग दिला, म्हणजे रिकामं. आईला मी सांगितलं की बर्व्यांनी स्वतःहून कोलारला जागा घेतली, मोठी आहे. आई म्हणाली, "मला न सांगता गेली वंदना?" मी म्हणालो, घाईत असेल.

नंतर दिल्लीहून डायरेक्टर साहेब नकाशा बघायला आले. सर्व्हरच्या खोलीत सतरा खुर्च्या लावल्या. ठिपके बघून ते खूश झाले आणि त्या खुशीतच त्यांनी एक योजना जाहीर केली. ज्या कर्मचाऱ्यांचे पंचाहत्तरीपुढचे आईवडील वरच्या मजल्यावर राहतात, त्यांना तळमजल्याची रिकामी क्वार्टरं द्यायची. "इस नक्शे से लिस्ट निकल सकती है?"

"बिल्कुल, सर," तिवारी साहेब म्हणाले. "करंदीकर, निकालो."

नकाशात मजला नव्हता, पण रेकॉर्डात सी आणि डी होते, आणि दवाखान्याच्या कार्डांवर आईवडिलांची वयं आणि दुखणी होती. दोन्ही मीच सर्व्हरवर एकत्र केलेली. मी बटण दाबलं. भिंतीवर सहा फुटी अक्षरांत यादी आली, आणि पहिलं नाव होतं, श्रीमती शकुंतला करंदीकर, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे निकामी, चौदा-सी, वरचा मजला.

"अरे, ये तो आपकी माताजी हैं!" डायरेक्टर साहेब म्हणाले आणि टाळ्या सुरू झाल्या. मीही वाजवल्या. नाही वाजवल्या तर कसं दिसलं असतं? पहिलं नाव, म्हणून पहिलं रिकामं क्वार्टरही तिथल्या तिथे देऊन टाकलं. बावीस-ए.

आता माझी पंचाईत बघा. नको म्हणावं, तर कारण द्यावं लागणार की आई आधीच खाली राहते, म्हणजे आपसी उघडी पडणार, आणि माझ्याबरोबर वानखेडेही. हो म्हणावं, तर चौदा-सी आम्ही सोडलं असं होणार, तिथे तिसराच कोणी येणार, म्हणजे वानखेड्यांना खाली यावं लागणार आणि आईला तिच्या ओट्यावरून उठून दुसऱ्याच्या काढून घेतलेल्या घरात जावं लागणार. तरी मी हो म्हणायचं ठरवलं. शेवटी तळमजलाच की, ओटा तिथेही आहे. मनाची समजूत घालायला मला फार वेळ लागत नाही.

तिवारी साहेबांना वार्षिक अहवालासाठी फोटो हवा होता. आधीचा आणि नंतरचा. आधीचा म्हणजे वरच्या मजल्यावर अडकलेली वृद्धा. सोमवारी अकरा वाजता ते स्वतः येणार होते. म्हणून मी आणि शांतारामरावांनी बेत केला की दहा वाजता आईला खुर्चीत बसवून वर न्यायचं, फोटो झाला की खाली आणायचं. सिंधूवहिनींनी वरच्या खोलीतला स्वतःचा फोटो काढून तिथे बाबांचा लावला. मी खुर्ची घेऊन ओट्यावर आलो.

"हे काय चाललंय?" आईने विचारलं.

मी शक्य तेवढं थोडक्यात सांगितलं.

"कुठलं क्वार्टर देतायत?"

"इथलंच जवळचं."

"नंबर असतो ना त्याला?"

"बावीस-ए," शांतारामराव बोलून गेले.

आई गणिताची. तिला दोन आकडे दिले की तिसरा ती स्वतः काढते. "बर्वे स्वतःहून गेले नाहीत," ती म्हणाली. "काढलं त्यांना. तुझ्या नकाशाने काढलं."

"आई, तो नियम..."

"तुला थांबवता आलं असतं का?"

 शांतारामराव खुर्चीची पाठ पुसत राहिले.

"मी वंदनाच्या घरात राहायला जाणार नाही," आई म्हणाली. "आणि फोटोला वरही जाणार नाही. ठेव ती खुर्ची."

अकराला तिवारी साहेब फोटोग्राफर घेऊन आले, तेव्हा आई ओट्यावर बसलेली. साहेबांनी वाकून नमस्कार केला. "माताजी, आप नीचे कैसे? तकलीफ़ हुई होगी."

"मैं नीचेच रहती हूँ," आई म्हणाली. जवळजवळ पन्नास वर्षं भोपाळमध्ये काढूनही तिचं हिंदी सदाशिव पेठेच्या बाहेर पडलेलं नाही. "तेईस साल से. वो वानखेडे लोग ऊपर रहते हैं. हमने आपस में बदल लिया था."

"रिकॉर्ड में तो आप ऊपर हैं."

"रेकॉर्ड में रहूँगी. इधर तो मैं तुम्हारे सामने बैठी हूँ ना?"

साहेबांनी फोटोग्राफरला स्कूटरपाशी पाठवलं आणि आवाज उतरवला. "माताजी, सब जानते हैं. मैं भी जानता हूँ. पर ये बात कोई कहता नहीं. आप ऊपर चलिए, एक फ़ोटो खिंचवाइए, घर लीजिए. किसी का नुक़सान नहीं."

"बर्वे का हुआ ना?" आईने विचारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फोटोग्राफरकडे. "मैं लिख के देती हूँ," आई म्हणाली.

आणि तिने लिहून दिलं. वहीचं पान फाडून, समास सोडून, मराठीत, कारण अर्जाची भाषा कुठली असावी याचा नियम कुठे नाही हे तिला माहीत होतं. आपसी केव्हा झाली, कुठल्या कारणाने झाली, आपण तळमजल्यावरच राहतो, योजनेचा लाभ नको, बावीस-ए सुभाष बर्वे यांना परत करावं. खाली सही, तारीख. साहेब तो कागद धरून उभे राहिले. वसाहतीत आपसी करणं चालतं, ती लिहून देणं चालत नाही. लिहिलेल्या कागदाला आवक क्रमांक पडतो, आणि क्रमांक पडला की उत्तर द्यावं लागतं.

उत्तर नऊ दिवसांत आलं. आमच्या कार्यालयाने एवढ्या लवकर उत्तर दिल्याची दुसरी नोंद नाही. चौदा-ए आणि चौदा-सी या दोन्ही कुटुंबांनी पंधरा दिवसांत आपापल्या मूळ क्वार्टरमध्ये जावं. बावीस-ए यादीतल्या दुसऱ्या नावाला देण्यात आलं आहे. त्याच टपालात मला एक ताकीद होती आणि नकाशाच्या उत्कृष्ट कामाबद्दल प्रशस्तिपत्र होतं. दोन्हींवर तिवारी साहेबांचीच सही. लाभाच्या यादीत आई पुन्हा बसू शकत नव्हती, कारण तिने लाभ लेखी नाकारला होता.

मी पत्र वाचून दाखवलं. वंदनाला घर मिळालं नाही, हे आईने दोनदा विचारून खात्री करून घेतलं. मग म्हणाली, "बरं. सामान बांधायला घ्या." मला वाटलं होतं ती रडेल. रात्रभर मीच कूस बदलत होतो.

रविवारी सामान हललं. सिंधूवहिनी खाली आल्या त्या न्हाणीघराच्या मोरीला जाळी बसवूनच, आणि तरी उंबऱ्यावर पाच मिनिटं थांबल्या. पोहे झाले, पण कोणाला गेले नाहीत. शेवटी आई राहिली. तिला खुर्चीत बसवलं. शांतारामरावांची पाठ धरलेली, मी एकटा पडलो. फाटकातून सुभाष आत आला. गेले तीन महिने त्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आजही पाहिलं नाही. आईच्या पाया पडला, खुर्चीचे पुढचे दोन पाय धरले आणि म्हणाला, "उचल."

आम्ही चढलो. नवव्या पायरीला वळण आहे, तिथे खुर्ची भिंतीला अडली. आम्ही तिला टेकवून श्वास घेतला. आईने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती, डोळे मिटलेले. मला त्या क्षणी सुभाषला सांगावंसं वाटलं की ठिपका हलवायला दोन मिनिटं लागतात, आणि मी ते सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "नकाशा मीच दिला होता तुला. चल, उचल."

वर आईला खिडकीपाशी बसवलं. तिने खाली पाहिलं. तिथून रस्ता दिसत नाही, कडुनिंब आडवा येतो. भाजीवाल्याचा आवाज तेवढा येतो. "तू जा आता," ती म्हणाली. "मला उतरायचं तर नाहीच आहे."

सोमवारी तिवारी साहेबांनी बोलावून सांगितलं की स्थलांतर पूर्ण झालं, नकाशात तेवढी दुरुस्ती करून टाका. मी आमच्या ब्लॉकवर क्लिक केलं. चार नावं आली, चार क्वार्टरं आली. शकुंतला करंदीकर, चौदा-सी. दुरुस्त करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.